दुःखकाळी ईश्वरावरील भरवसा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही सुपा या नावानेच येतो. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा हे गाव होते आणि त्या गावावरूनच तालुक्याला ते नाव पडले होते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात मोडत असे. कोंकणी आणि मराठी बोलणारी कितीतरी घराणी येथील रानावनांत भात पिकवीत आली. पुढे विजेसाठी काळी नदी अडविण्यात आली. १९८७ च्या सुमारास धरण पुरे झाले आणि सुपा गाव जलाशयाच्या तळाशी गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली. उठविलेल्या लोकांपैकी अनेकांनी रामनगरच्या नव्या वसाहतीत पुन्हा चुली मांडल्या. या भागात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारी शेजारी राहत आले आहेत. एकट्या सिद्दी समाजातच हे तीनही धर्म आढळतात. ज्याचे घर, शेत आणि पूर्वजांची माती एकाच पाण्याखाली गेली, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या मनात एक प्रश्न उठतोच: देव होता, तर तो कोठे होता?

हा प्रश्न सर्वांचा असला तरी ख्रिस्ती माणसाला तो अधिक झोंबतो, आणि त्याचे कारण त्याच्या धर्ममतातच आहे. जगाचा कर्ता एकच आहे, तो सर्वसमर्थ आहे आणि तो प्रेमळ पित्यासारखा आहे, अशी त्याची श्रद्धा असते. या तिहींपैकी एक जरी गोष्ट सोडून दिली तरी कोडे सुटते. देव दुर्बळ आहे असे म्हटले, तर त्याला दोष देता येत नाही. तो उदासीन आहे असे म्हटले, तर त्याच्याकडून अपेक्षाच उरत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब मानणाऱ्याला निदान दुःखाची एक उपपत्ती हाताशी असते. ख्रिस्ती माणसाजवळ तोही हिशेब नाही. असे असूनही तो दुःखकाळी ईश्वरावर भरवसा ठेवू शकतो असे तो सांगतो. हे कशाच्या आधारावर, ते पाहण्याजोगे आहे. भाबडेपणा म्हणून ते उडवून लावणे सोपे आहे. परंतु ज्यांनी आयुष्यात पुष्कळ सोसले अशाच माणसांनी हा भरवसा बाळगलेला दिसतो, आणि ती माणसे काही भाबडी नव्हती.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्याच रांगेत, जोयड्याच्या पुष्कळ दक्षिणेस असलेल्या गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैष्णव ब्राह्मण. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविण्याचे धाडस त्यांनी केले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि मग त्या कुटुंबाला स्थिर घर म्हणून मिळालेच नाही. पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, दानधर्म करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे दुष्काळ आला. होते नव्हते ते विकून झाले. भीक मागण्याची सवय नाही, आणि अंगमेहनतीचे काम करण्याची रीत नाही. अखेरचा दाणा संपल्यावर हे कुटुंब दक्षिणेतील एका रानात शिरले आणि पाण्यावर, झाडपाल्यावर आणि रानफळांवर त्यांनी दिवस काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. मुलाने, म्हणजे श्रीनिवासाने, मोलमजुरी करीन पण हे होऊ देणार नाही, असे म्हटल्यावर तो बेत राहिला. परंतु थोड्याच काळात वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

या प्रसंगातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. निरोप घेताना अंध झालेल्या वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन, आपण तिला देवाच्या हाती दिले आहे, तिने जन्मभर त्याचीच सेवा करावी, अशा अर्थाचे शब्द सांगितल्याचे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. तो देव वडिलांच्या मनात विष्णुरूपाने होता. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या तरी त्या शब्दांना त्यांनी अंतर दिले नाही; उलट ती सोपवणूक खरी ठरली असे त्यांना वाटत राहिले. भरवसा म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना एका उपाशी हिंदू पित्याकडून मिळाला, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

त्यापुढचाही काळ काही सुखाचा नव्हता. भावाबहिणीने पायी देश पालथा घातला. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी रमाबाईंचा विवाह झाला, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी आई-वडील, भावंडे, पती या सर्वांना मुकलेली ही विधवा कडेवर तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. दुष्काळातच जुन्या देवतांवरील तिची श्रद्धा उडून गेली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला आणि लगेच शांती लाभली, असे मात्र घडले नाही. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी रमाबाईंना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे मोकळेपणाने मांडले आहे. धर्म म्हणजे मतांची, विधींची आणि प्रमाणांची एक व्यवस्था. ती बुद्धीला पटू शकते. भरवसा मात्र व्यवस्थेवर ठेवता येत नाही, तो व्यक्तीवर ठेवावा लागतो. आजारी मूल औषधाची घटकद्रव्ये तपासून ते पीत नाही. हात आईचा आहे एवढे त्याला पुरते. अर्थात, हात आईचाच कशावरून, हा प्रश्न उरतोच. ख्रिस्ती माणूस त्याचे उत्तर एका क्रूसाकडे बोट दाखवून देतो.

हे उत्तर समजून घेण्यापूर्वी बायबलात दुःखाविषयी काय आढळते ते पाहणे अगत्याचे आहे. कारण त्या ग्रंथाविषयी एक गोड गैरसमज आहे. देवभक्ताचे सर्व सुरळीत चालते, असे काही तेथे सांगितलेले नाही. जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक घ्यावे. ईयोब नीतिमान, तरी त्याची गुरेढोरे जातात, मुले दगावतात, अंगावर फोड उठतात. त्याचे मित्र येतात, सात दिवस मुकाट्याने शेजारी बसतात, आणि येथपर्यंत त्यांचे वागणे निर्दोष म्हटले पाहिजे. मग ते बोलू लागतात आणि सारे बिघडते. तू काहीतरी पाप केले असशील, त्याशिवाय असे होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ईयोब तो मान्य करीत नाही. तो देवापुढे गाऱ्हाणे मांडतो, जाब विचारतो. ग्रंथाच्या शेवटी देव वावटळीतून बोलतो. तो ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. परंतु ज्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन कारण सांगितले होते, त्यांच्यावर तो रागावतो. शिवाय, ईयोबानेच आपल्याविषयी योग्य ते सांगितले असा निर्वाळा तो देतो. तक्रार करणारा देवाला मानवला आणि समर्थन करणारे मानवले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. स्तोत्रसंहितेतही आभाराच्या जोडीने आक्रोशाची कितीतरी स्तोत्रे आहेत. ती आजही ख्रिस्ती उपासनेत म्हटली जातात. मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे महाराष्ट्राच्या कानांत आहेतच. भांडण होते ते आपल्याच माणसाशी. परक्याशी कोणी भांडत बसत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो असे म्हणत, त्याचे मर्म यातही शोधता येईल.

नव्या करारात येशूने दुःख आणि पाप यांची अशी सरळ सांगड स्पष्टपणे तोडली आहे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे त्याने सांगितले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असेही त्याने बजावले. जोयड्याच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत काय किंवा भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या किल्लारीत काय, हे तुमच्या पापाचे फळ, असे सांगणाऱ्या उपदेशकाला ख्रिस्ताच्या शिकवणुकीत आधार सापडणार नाही. तरीही असे उपदेशक प्रत्येक धर्मात आणि प्रत्येक आपत्तीनंतर निघतात.

आता क्रूसाचा अर्थ. इतर कोणत्याही युक्तिवादापेक्षा ख्रिस्ती माणूस या घटनेवर भिस्त ठेवतो. देव दूर सिंहासनावर बसून मानवाचे हाल पाहत नाही. ख्रिस्ताच्या रूपाने तो स्वतः त्या हालांत उतरला, अशी ही श्रद्धा आहे. मित्राच्या थडग्यापाशी तो रडला. गेथशेमाने बागेत, हा प्याला टळावा, अशी त्याने प्रार्थना केली आणि तो टळला नाही. मित्रांनी त्याला सोडले, न्यायासनाने अन्याय केला, आणि क्रूसावर, देवाने आपणास का टाकले, हा प्रश्न त्याच्याच तोंडून निघाला. तो प्रश्न एका जुन्या आक्रोशस्तोत्राचा आरंभ आहे. म्हणजे दुःखी माणूस जो प्रश्न देवाला विचारतो, तो ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाच्या पुत्रानेही विचारून झालेला आहे. दुःखाचे कारण येथेही सांगितलेले नाही. मात्र, देवाला माझी पर्वा नाही, हे एक कारण त्यातून कायमचे बाद होते. आणि ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला या विश्वासामुळे, शेवटचा शब्द मृत्यूचा नाही, अशी आशा त्याला जोडली जाते. पुनरुत्थान वगळले तर क्रूस ही एका सज्जनाच्या शोकांतिकेची कथा उरते. सहानुभूती तिच्यातून मिळेल, पण भरवसा नव्हे. प्रेषित पौलाने हे स्वच्छ ओळखले होते. त्याने कैद भोगली, फटके खाल्ले, समुद्रात गलबत फुटण्याचा अनुभव घेतला, आणि शरीरातील एका पीडेसाठी तीन वेळा केलेली त्याची प्रार्थना मानली गेली नाही. सर्व गोष्टी मिळून देव कल्याण करतो, हा सिद्धान्त मांडणारा मनुष्य तो हाच. सर्व गोष्टी चांगल्या असतात, असे तो म्हणत नाही. या दोन विधानांतील अंतर विसरल्यामुळेच पुष्कळ सांत्वनपत्रे वाचवत नाहीत.

भरवशाचे तत्त्वज्ञान आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा एक नमुना इंग्लंडात सापडतो. सी. एस. लुईस या लेखकाने १९४० मध्ये दुःखाच्या समस्येवर एक तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला. वीस वर्षांनी, १९६० मध्ये, त्याची पत्नी कर्करोगाने वारली. तेव्हा त्याने जी टिपणे लिहिली ती १९६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केली. त्यांत राग आहे, संशय आहे, देवाच्या दारावर धडका मारून दार आतून बंद आढळल्याची व्यथा आहे. पहिल्या ग्रंथातील एकही युक्तिवाद खोटा ठरला नव्हता, परंतु त्यांपैकी एकही त्या रात्री कामाला आला नाही. टिपणांच्या अखेरीस लुईसची श्रद्धा टिकून राहिलेली दिसते. पण ती उत्तर मिळाल्यामुळे टिकली असे म्हणवत नाही. जर्मनीत डीट्रिख बोनहोफर हा धर्मशास्त्री हिटलरच्या तुरुंगात होता. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. दुःख भोगणारा देवच मानवाला साहाय्य करू शकतो, अशा आशयाचा विचार त्याने कोठडीतून लिहिला. बंगल्यातील आरामखुर्चीत बसून तो लिहिला गेला असता तर त्याचे मोल फारसे राहिले नसते.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. भरवशाची ही शिकवण गरिबाला मुकाट सोसायला लावते, असे म्हणतात. तसे घडले नाही असे म्हणता येणार नाही. मालकाने मजुराला आणि राज्यकर्त्याने प्रजेला, देवाची इच्छा, असे सांगून गप्प बसविल्याचे दाखले ख्रिस्ती देशांच्या इतिहासातही विपुल आहेत. पण धरण देव बांधत नाही. कोणते गाव बुडवावे आणि कोणाला किती मोबदला द्यावा हे माणसे ठरवितात, आणि त्याचा जाब माणसांनाच विचारला पाहिजे. दुष्काळात पाऊस हुलकावणी देतो हे खरे. परंतु धान्य कोठून कोठे जावे हे सरकार आणि व्यापारी ठरवितात. मनुष्यकृत अन्यायाला ईश्वरेच्छेचे नाव देणे हे ईयोबाच्या मित्रांचेच काम झाले. भरवसा खरा असेल तर तो माणसाला बसू देत नाही.

रमाबाईंच्या बाबतीत हेच दिसते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेल्या मुलींच्या कहाण्या येऊ लागल्या. संस्थेजवळ पैसा बेताचा, पुण्यातून विरोध उघड. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात या कारणावरून १८९३ मध्ये मोठा वाद होऊन पुष्कळांनी आपल्या मुली काढून घेतल्या होत्या. त्या वादातील आक्षेप सर्वच द्वेषमूलक होते असे नव्हे; दुबळ्याला आसरा देताना धर्मही द्यावा काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. परंतु रमाबाई मध्य प्रांतात गेल्या त्या वीस वर्षांपूर्वीचे आपले रान आठवून. झाडपाला खाऊन जगणे म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. शेकडो मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचा अंमल चालू असल्याने त्यांना शहरात ठेवण्यास मज्जाव झाला, तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या माळरानावर त्यांची सोय करावी लागली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही स्त्रिया आल्या आणि सदनातील संख्या दीड हजारांच्या वर गेली. विहिरी खणणे, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग तेथे चालू झाले; आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. याच सुमारास नगरला टिळक आणि लक्ष्मीबाई दुष्काळातील अनाथ मुलांना आसरा देत होते. टिळकांच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे नवऱ्यापासून ताटातूट सोसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या दिवसांचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत केले आहे. मराठीत इतके दुःख इतक्या कमी रडगाण्यात क्वचितच सांगितले गेले असेल.

रमाबाईंच्या जीवनाला या सर्व सेवेबद्दल सुखान्ताचे बक्षीस मिळाले असते तर भरवशाचे गणित सोपे झाले असते. तसे काही मिळाले नाही. मनोरमा हीच त्यांची एकुलती वारस, सहकारी आणि म्हातारपणाची काठी. संस्थेचा भार पुढे तिने वाहावा असे ठरलेले. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा आईच्या आधी गेली. त्या वेळी रमाबाईंची स्वतःची प्रकृती ढासळली होती आणि कान बरेच निकामी झाले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या, खेड्यातल्या बाईला उमजेल अशा मराठीत उतरविण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालविले होते. त्यासाठी उतारवयात त्या या दोन्ही भाषा शिकल्या होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी टाकले नाही. ज्या ईयोबाच्या मुलांना मृत्यूने नेले त्याचे पुस्तकही त्याच भाषांतरात होते. ५ एप्रिल १९२२ रोजी, मनोरमेनंतर पुरते नऊ महिनेही झाले नव्हते तोच, केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. तोवर भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते. मुक्तिसदनाच्या छापखान्यात सदनातीलच स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.